एका आकड्यासाठी तीन हाका

आपण ज्याला एक संगणक म्हणतो त्याच्या चिपमध्ये आणखी काही छोटे नियंत्रक आपापले फर्मवेअर चालवत बसलेले असतात. मुख्य प्रोसेसरला किती व्होल्टेज द्यायचे, तापमान चढले तर कोणत्या कोअरचा वेग कापायचा, हे निर्णय त्यांचे. ते घेता घेता त्यांच्याजवळ मोजमापांचा ढीग साठतो: किती ऊर्जा गेली, कोणता कोअर किती वेळ झोपला, वेग किती वेळा कापावा लागला. हीच फर्मवेअरची टेलिमेट्री. ऑपरेटिंग सिस्टिमने हे आकडे वरच्या प्रोग्रॅमांना कोणत्या रूपात द्यावेत, हा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो. माझे एक मित्र आणि त्यांची भाची यांचे त्यावरून जुंपले, तेव्हा मी मध्ये बसलो होतो.

मामांची उमेदीची वर्षे पुण्यात कारखान्यांच्या नियंत्रकांचे फर्मवेअर लिहिण्यात गेली. भाची नवी मुंबईच्या एका डेटा सेंटरमध्ये सर्व्हर सांभाळते. साधी मजकुराची फाइल म्हाताऱ्याला हवी असणार आणि वेगवान बायनरी तरुण मुलीला, असा कुणाचाही अंदाज होईल. इथे उलटे होते.

मामा: एक तापमान वाचायचं तर तू नेमकं काय करतेस ते सांग.

भाची: फाइल वाचते. लिनक्समध्ये एचडब्ल्यूमॉनच्या फोल्डरात 'टेम्प१_इनपुट' नावाची फाइल असते. आत ४५००० लिहिलेलं असतं. मिलिअंशांत, म्हणजे पंचेचाळीस अंश सेल्सिअस. कॅट कमांड मारली की दिसतं. पायथन नको, लायब्ररी नको.

मामा: म्हणजे ओपन, रीड, क्लोज. एका आकड्यासाठी कर्नेलला तीन हाका. शिवाय फर्मवेअरने दिलेला आकडा कर्नेल अक्षरांत लिहिणार आणि तू त्या अक्षरांचा पुन्हा आकडा करणार. दोन्हीकडून हमाली, आणि माल तोच.

भाची: तीन कशाला? मी फाइल एकदा उघडते आणि उघडीच ठेवते. पीरीडने शून्याव्या जागेपासून पुन्हा वाचलं की ड्रायव्हर ताजा आकडा भरून देतो. या फाइली दाखवणाऱ्या सिसएफएसच्या दस्तऐवजात तसं लिहिलंच आहे.

(या तीन हाका कर्नेलवाल्यांनाही खटकल्या आहेत. २०२० मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी 'रीडफाइल' असा एकच सिस्टिम कॉल सुचवला होता. लहान फाइल उघडणे, वाचणे, मिटणे सगळे एका दमात. तो मुख्य कर्नेलमध्ये गेला नाही.)

मामा: बरं, एक हाक धर. एका सर्व्हरवर तीनशे आकडे आहेत आणि मला ते मिलिसेकंदाला एकदा हवेत. सेकंदाला तीन लाख हाका झाल्या. एका हाकेला एक मायक्रोसेकंद धरला तरी एका कोअरचा तीस टक्के वेळ नुसता मीटर वाचण्यात गेला. विजेचा हिशेब ठेवताना तूच वीज खातेस.

भाची: मिलिसेकंदाला कुणाला हवेत? आमची देखरेख पंधरा सेकंदांनी एकदा वाचते. आणि मदरबोर्डवरचा तापमानाचा सेन्सर एसएमबसवर बसलेला असतो. शंभर किलोहर्ट्झला एक बाइट वाचायला पत्ता, कमांड, पुन्हा पत्ता, मग माहिती, असं सगळं धरून छत्तीसेक बिटं लागतात. म्हणजे साधारण ०.४ मिलिसेकंद. तिथे चारशे मायक्रोसेकंद जातात आणि तू माझ्या एका मायक्रोसेकंदावर बोट ठेवतोस! म्हणून तर एचडब्ल्यूमॉनचे बरेचसे जुने ड्रायव्हर वाचलेला आकडा सेकंद-दीड सेकंद जपून ठेवतात. तू मिलिसेकंदाला विचारलंस तरी तोच शिळा आकडा हजार वेळा मिळेल.

मामांनी मान हलवली, पण हार मानल्यासारखी नव्हे.

मामा: तू बोर्डावरच्या सेन्सरचं बोलतेस, मी चिपच्या आतल्याचं. तिथे बस नाही, वाट बघणं नाही. फर्मवेअर आकडे एका ठरलेल्या मेमरीत लिहीत राहतं. इंटेलचं प्लॅटफॉर्म मॉनिटरिंग टेक्नॉलॉजी घे, पीएमटी. २०२०-२१ च्या सुमारास ते लिनक्समध्ये आलं. तिथे प्रत्येक टेलिमेट्री विभागाला एक फोल्डर आणि आत मोजक्या फाइली: ओळखक्रमांक म्हणजे 'गाइड', आकार, ऑफसेट आणि 'टेलेम' नावाची बायनरी फाइल. ती एममॅपने आपल्या मेमरीत जोडून घ्यायची. नंतर एकही हाक नाही, थेट वाचायचं. तीनशे काय, तीन हजार आकडे घे.

भाची: आणि त्या बायनरीतला चाळिसावा आकडा कशाचा, हे कोण सांगणार?

मामा: गाइड सांगतो. प्रत्येक गाइडची एक्सएमएल यादी इंटेलने गिटहबवर ठेवली आहे. कुठला आकडा कुठे, किती बिटांचा, कुठल्या एककात, सगळं आहे.

भाची: गिटहबवर! मामा, बँकेच्या सर्व्हर रूममधून बाहेर इंटरनेट नसतं. रात्री तीनला मशीन गरम होऊन अडखळायला लागलं तर मी काय करू? गाइड कागदावर उतरवून बाहेर येऊ, यादी शोधू, ऑफसेट मोजू? माझी फाइल नावानेच सांगते की हे तापमान आहे. तुझी फाइल म्हणते, घ्या, चार हजार बाइट आहेत.

मामा: त्याला कारण आहे. सिसएफएसमध्ये नाव देऊन फाइल केली की कर्नेलने जन्माचं वचन दिलं. तिच्यावर चालणारे प्रोग्रॅम पुढे मोडायचे नाहीत, हा लिनक्सचा जुना दंडक. आणि फर्मवेअरचे आकडे चिपच्या दर पिढीला बदलतात, कधी मधल्या अपडेटलाही. शंभर अंतर्गत मोजण्यांच्या शंभर फाइली केल्यास, तर पुढच्या चिपमध्ये त्यातल्या साठ नसतील आणि नव्वद नव्या असतील. कर्नेलने कशाकशाचं ओझं वाहायचं? त्यापेक्षा त्याने फक्त दार उघडावं, अर्थ वर लावला जाईल.

हा मामांचा मुद्दा तोलामोलाचा आहे, आणि वेगाचा गवगवा करणारे बरेच जण नेमका तोच सांगायला विसरतात. सिसएफएस २००३ च्या अखेरीस २.६ च्या कर्नेलबरोबर सर्वांच्या हाती आले. एका फाइलीत शक्यतो एकच मूल्य, तेही साध्या अक्षरांत, हा त्याचा नियम. त्याआधी प्रॉकच्या फाइलींत तक्ते छापले जायचे. पुढच्या आवृत्तीत एक स्तंभ वाढला की वाचणाऱ्या स्क्रिप्ट कोसळायच्या. नियम त्या दुखण्यावरचा इलाज होता. पण तो करताना डोळ्यांसमोर मूल्ये होती ती मोजकी आणि टिकाऊ.

भाची: अर्थ वर लावला जाईल म्हणतोस, पण दार उघडण्याइतकंही ते सरळ नाही. सफायर रॅपिड्स चिपांचं घे. त्यांच्या पॉवर युनिटमधली टेलिमेट्री फक्त नीट रांगेत लावलेल्या ६४ बिटांच्या तुकड्यांत वाचता येते. साधी मेमकॉपी लहान तुकड्यांत वाचायला गेली की गडबड. कर्नेलमध्ये त्या गाइडपुरती वेगळी वाट करावी लागली. रीड करणाऱ्याला ती आपोआप मिळते. मेमरी जोडून घेऊन स्वतः वाचणाऱ्याने ते स्वतः जाणून असायला हवं. मग कर्नेल मध्ये होता तेच बरं नव्हतं का?

मामा: एका चिपची खोड आहे ती.

भाची: प्रत्येक चिपची एखादी असतेच. तूच फर्मवेअर लिहायचास, तुला ठाऊक असणार.

यावर मामा मोकळेपणाने हसले.

भाची: एनव्हीएमई डिस्कचंच बघ. स्मार्ट लॉग म्हणजे ५१२ बाइटांचा बायनरी गठ्ठा. शून्यापासून मोजलं तर त्यातले १ आणि २ क्रमांकाचे बाइट मिळून तापमान, तेही केल्व्हिनमध्ये. ते वाचायला आयोक्टलने डिस्कला ॲडमिन कमांड पाठवायची, म्हणजे रूट हवं. नुसतं तापमान बघायला देखरेखीच्या प्रोग्रॅमला मशीनच्या किल्ल्या द्यायच्या. २०२० च्या जानेवारीत ५.५ चा कर्नेल आला आणि तेच तापमान एचडब्ल्यूमॉनमध्ये आलं. मिलिअंशांत, कुणालाही वाचता येईल असं. खालची बायनरी तीच राहिली. फक्त कर्नेलने अर्थ लावायची जबाबदारी घेतली आणि सगळ्यांचं काम सोपं झालं.

मामा: तापमान सगळ्यांना कळतं म्हणून ते जमलं. आता मी तुला तापमान सोडून ऊर्जा विचारतो. इंटेलच्या रॅपल या ऊर्जामोजणीतून वॅट कसे काढतेस?

भाची: पॉवरकॅपच्या फोल्डरात 'एनर्जी_यूजे' फाइल आहे, मायक्रोज्यूल देणारी. ती एकदा वाचायची, थोड्या वेळाने पुन्हा वाचायची. फरकाला मधल्या वेळाने भागायचं.

मामा: मधला वेळ कुठून आणतेस?

भाची: घड्याळातून. फाइल वाचली की लगेच वेळ घेते.

मामा: 'लगेच' म्हणजे किती? तू शंभर मिलिसेकंदांचं अंतर ठेवलंस. फाइल वाचून झाली आणि वेळ घ्यायच्या आत शेड्युलरने तुझा प्रोग्रॅम बाजूला काढून पाच मिलिसेकंद दुसऱ्याला दिले. पाच टक्के चूक तिथेच शिरली, आणि ती तुला दिसणारही नाही. आता चौसष्ट मोजकांच्या चौसष्ट फाइली एकामागून एक वाच. पहिला आकडा एका क्षणाचा, शेवटचा दुसऱ्याच क्षणाचा, आणि तू त्यांची बेरीज करून सर्व्हरची एकूण वीज म्हणून तक्त्यात मांडणार.

भाची गप्प राहिली. मला वाटते, वादाचा खरा गाभा इथे आला, आणि मामांनी तो वेगाच्या गप्पांखाली उगाच इतका वेळ पुरून ठेवला होता. 'एक फाइल, एक मूल्य' या नियमाचा दोष संथपणात नाही. पंधरा सेकंदांनी एकदा वाचणाऱ्याला संथपणा जाणवतही नाही. दोष असा की हा नियम आकड्यांना एकमेकांपासून आणि त्यांच्या वेळेपासून तोडतो. ऊर्जेचा मोजक घरच्या वीजमीटरसारखा सतत चढत जाणारा असतो. नुसत्या रीडिंगला अर्थ नाही, ते कधी घेतले हेही हवे. ती वेळ वाचणाऱ्याने नंतर बाहेरून चिकटवायची आणि बरोबर चिकटली असे समजायचे.

थोड्या वेळाने भाची वेगळ्या बाजूने आली.

भाची: ठीक आहे. पण तुझा तो मोजक ३२ बिटांचा आहे. बऱ्याच चिपांवर एक पायरी सुमारे ६१ मायक्रोज्यूलची. म्हणजे २,६२,१४४ ज्यूल झाले की पुन्हा शून्य. अडीचशे वॅट खाणाऱ्या प्रोसेसरवर साडेसतरा मिनिटांत फेरी पूर्ण. वीस मिनिटांनी एकदा वाचणाऱ्याची एक अख्खी फेरी हरवली आणि त्याला पत्ता नाही. हे मला कुठून कळलं? शेजारी 'मॅक्स_एनर्जी_रेंज_यूजे' नावाची फाइल आहे, तिच्यातून. अक्षरांत लिहिलेली, कॅटने वाचलेली.

मामा: ती फाइल कितीदा वाचतेस?

भाची: एकदा. मशीन सुरू झाल्यावर.

मामा: मग तिला कुणाची हरकत आहे? जे बदलत नाही ते खुशाल अक्षरांत लिहा. मी बदलणाऱ्याबद्दल बोलतोय. लिनक्सच्या पर्फ या मोजणीच्या यंत्रणेत बघ काय केलंय. तीच रॅपल ऊर्जा तिथेही मिळते. फोल्डरात इव्हेंटचं नाव, शेजारी '.युनिट' फाइलीत ज्यूल, '.स्केल' फाइलीत गुणक, दोनाचा उणे बत्तिसावा घात, दशांशात लिहिलेला. हे सगळं मजकुरात, एकदा वाचायचं. मग पर्फ_इव्हेंट_ओपनने मोजक उघडायचे, त्यांचा गट करायचा, आणि एका रीडमध्ये गटातले सगळे आकडे ६४ बिटांत, सोबत वेळही. हाक एक, क्षण एक.

भाची: म्हणजे अर्थ कर्नेलकडेच राहिला.

मामा: राहिला. पण दर वाचनाला त्याचं अक्षरांत भाषांतर झालं नाही.

भाची: मग तू पीएमटीची बाजू कशाला घेत होतास? तिथे अर्थ कर्नेलकडे नाहीच.

मामांनी चहाचा कप उचलला. (हा त्यांचा जुना डाव, उत्तर हवे असेल तेव्हा कप आधी.) मग ते फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर गेले. तिथे सिसकंट्रोलच्या झाडात प्रत्येक नोंदीचे मूल्य बायनरीत असते, आणि ते कोणत्या घडणीचे आहे हे कर्नेललाच विचारता येते. तापमानाच्या नोंदीवर 'आयके' अशी खूण असते: पूर्णांक आहे, केल्व्हिनच्या दहाव्या भागात. कमांड ती खूण पाहून माणसाला सेल्सिअस दाखवते. प्रोग्रॅमला कच्चा पूर्णांक मिळतो. एकाच दारातून दोघांची सोय.

भाची: हे मला चालेल. पण एममॅप तरीही नाही चालणार, आणि त्याचं कारण वेग नाही. २०२० च्या नोव्हेंबरमधला प्लॅटिपस हल्ला आठवतो? ग्राझच्या तांत्रिक विद्यापीठातले आणि त्यांच्या सोबतचे संशोधक. त्यांनी दाखवलं की रॅपलचे आकडे पुरेसे वारंवार वाचले तर प्रोसेसर आत कुठल्या गुप्त चावीवर काम करतोय हे विजेच्या चढउतारावरून काढता येतं. ना मशीनला हात लावायचा, ना ऑसिलोस्कोप. लिनक्सने काय केलं? 'एनर्जी_यूजे' फाइलीची परवानगी बदलली, फक्त रूटला ठेवली. एक फाइल, एक ओळ. तुझ्या मेमरीच्या पानावर हे कसं करशील? पान ४०९६ बाइटांचं. आठ बाइटांचा एक, असे ५१२ आकडे एका पानावर. त्यातला एक झाकायचा तर सगळं पान झाकावं लागेल. आणि पान एकदा दिल्यावर कर्नेल वाटेत नसतोच. मग कुणाला किती वेळा वाचू द्यायचं, आकडा किती जाडाभरडा करून द्यायचा, काहीच त्याच्या हातात नाही.

मामा: रीडमध्ये तो वाटेत असतो, मान्य. म्हणून तर मी पर्फ म्हणालो. तिथे आता रूट आणि सगळे यांच्या मधली परवानगी आहे, कॅप_पर्फमॉन. ५.८ पासून. देखरेखीच्या प्रोग्रॅमला तेवढी दे, बाकी किल्ल्या तुझ्याकडे ठेव.

भाची: आणि फर्मवेअर लिहीत असतानाच मी वाचलं तर? अर्धा आकडा जुना, अर्धा नवा?

मामा: त्याला उपाय जुना आहे. लिहिण्याआधी क्रमांक एकाने वाढवायचा, लिहून झाल्यावर पुन्हा एकाने. वाचणाऱ्याने आधी क्रमांक बघायचा, आकडे घ्यायचे, पुन्हा क्रमांक बघायचा. विषम दिसला किंवा मधे बदलला तर टाकून द्यायचं आणि पुन्हा वाचायचं. तुझ्या प्रोग्रॅमला वेळ कळते तीही अशीच, व्हीडीएसओच्या पानावरून, कर्नेलला हाक न मारता. फर्मवेअर लिहिणाऱ्याने ही शिस्त पाळली की झालं.

'की झालं' हे फर्मवेअरवाल्यांचे आवडते शब्द आहेत. ही शिस्त कर्नेल आपल्या घरात लावू शकतो. चिपच्या घरात ती मानकानेच लावावी लागते. आर्मच्या बाजूला तसा प्रयत्न चालू आहे. त्यांच्या एससीएमआय मानकाच्या चौथ्या आवृत्तीत टेलिमेट्रीसाठी वेगळा प्रोटोकॉल आला आणि २०२५ मध्ये लिनक्ससाठीचे पॅच चर्चेला आले. या दोघांचा वाद तिथेही आहेच: माणसाला चाळता येईल असे फाइलींचे झाड ठेवायचे की प्रोग्रॅमसाठी आयोक्टल आणि बायनरी. मला विचाराल तर दोन्ही ठेवावे, पण दोघांखाली वर्णन एकच असावे आणि ते मशीनच्या आत असावे. आकड्यांचा अर्थ इंटरनेटवरच्या यादीत ठेवणारा इंटरफेस कितीही वेगवान असला तरी मी अर्धवटच म्हणेन. मामांना हे पूर्ण पटत नाही. यादी कर्नेलमध्ये कोंबली की तो फुगेल, असे त्यांचे म्हणणे. माझे उत्तर सोपे आहे: वर्णन फर्मवेअरनेच द्यावे, कर्नेलने ते फक्त पुढे दाखवावे.

भाची तोवर पुढच्या अडचणीवर गेली होती.

भाची: मला पंधरा सेकंदांनी आकडा पुरतो. वीज आवळणारा प्रोग्रॅम त्याच मशीनवर दहा मिलिसेकंदांनी मागतो. फर्मवेअर दोन वेगांनी मोजणार नाही. मोजायचा वेग ठरवणारी फाइल केलीस तर शेवटी जो लिहील त्याचं खरं. माझी स्क्रिप्ट पंधरा सेकंद लिहून जाईल आणि त्या बिचाऱ्याचं नियंत्रण आंधळं होईल. शिवाय प्रत्येक मोजणीला किंमत असते. काही सेटा डिस्कचं नुसतं तापमान विचारलं तरी त्यांचं झोपी जायचं घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं, हे ड्राइव्हटेम्प ड्रायव्हरच्या दस्तऐवजात लिहिलंय. म्हणजे देखरेख करणाराच डिस्कला जागं ठेवतो.

मामा: यालाही लिनक्समध्ये नमुना आहे. डेव्हमध्ये 'सीपीयू_डीएमए_लेटन्सी' नावाची फाइल असते. मला इतक्या मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त उशीर चालणार नाही, असं त्यात लिहायचं आणि फाइल उघडी धरून बसायचं. उघडी आहे तोवर मागणी जिवंत. दहा जणांनी लिहिलं तर कर्नेल सगळ्यात कडक मागणी पाळतो. प्रोग्रॅम मेला की फाइल आपोआप मिटते आणि त्याची मागणीही जाते. मोजण्याच्या वेगालाही हेच लावायचं. ज्याला घाई त्याने फाइल धरून बसावं.

भाची: म्हणजे माझ्या शेलमधून इकोने लिहिलं तर फाइल लगेच मिटणार आणि मागणी त्याच क्षणी रद्द.

मामा: (खुशीत) रद्द. कॅटवाल्यांचं इथे काम नाही.

भाची: असू दे. पण दोन हजार सर्व्हरांपैकी एखाद्यावर वीज उगाच जास्त जाताना दिसली, तर तिथे कोणता प्रोग्रॅम फाइल धरून बसलाय, त्याने किती मागितलंय आणि कधीपासून, हे मला कसं कळणार?

मामा: त्याची यादी देता येईल.

भाची: कशात?

मामा: आता... एका मजकुराच्या फाइलीत दे की.